काजूच्या माहेरी

नकाशा माणसाला फसवतो, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळले. शाळेच्या अ‍ॅटलासात भारताला एक पान आणि ब्राझीललाही एकच पान. दोन्ही देश शेजारी शेजारी ठेवले की सख्ख्या भावांसारखे दिसतात, अंगलटीने सारखे. तोच अ‍ॅटलास पुढ्यात घेऊन मी आमच्या ब्राझीलच्या सहलीचा पहिला आराखडा तयार केला. रिओहून मानाउस मला पुण्याहून नागपूरसारखे वाटले. रात्रीची गाडी धरायची, सकाळी उतरायचे, म्हणजे हॉटेलचे एका रात्रीचे पैसे वाचले! बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही बचत आधी सुचावी, यात नवल नाही.

आमची लेक आणि जावई साओ पाउलो येथे दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त आहेत. त्यांचा मुक्काम हलण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा २०२४ च्या गणपतीत लेकीचा निरोप आला, "बाबा, यायचं तर याच वर्षी या. पुढं आम्ही कुठं असू, सांगता येत नाही." माझी आई नव्वदीला टेकलेली. तिला एकटी सोडून जाणे शक्य नव्हते. धाकट्या भावाने रजेची जुळवाजुळव करून सांगितले, "दादा, मी सोळा दिवस येऊन राहतो. सतरावा मागू नकोस." झाले! सोळा दिवसांची शिल्लक आणि खर्चाला सारा ब्राझील.

मी यादी केली. आमेझॉनचे जंगल आणि त्यातले मानाउस शहर. इग्वासूचा धबधबा. रिओ. १५४९ ते १७६३ अशी दोनशे चौदा वर्षे राजधानी असलेले साल्व्हादोर. रिओकडून राजधानीचा मान घेऊन २१ एप्रिल १९६० रोजी उभी राहिलेली नवी ब्राझिलिया. पांतानालची दलदल, तिथले पक्षी आणि मगरी. अधूनमधून लेकीचे घर. यादी मी सुवाच्य अक्षरात लिहिली, प्रत्येक नावापुढे दिवस मांडले, बेरीज बरोबर सोळा आली. ताळेबंद जुळल्याचा आनंद फार दिवसांनी मिळाला. ही शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने यादीकडे एकदा पाहिले आणि विचारले, "आणि जेवायचं कधी?"

रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन येतो. आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा तिच्याकडे सकाळचे दहा. मी यादी वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता.

"बाबा, तुम्ही नकाशाखालचं प्रमाण पाहिलंत का?"

नव्हते पाहिले. मग तिने जे सांगितले ते माझ्यासारख्या उत्साही प्रवाशांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, तर ब्राझीलचे ८५ लाख. म्हणजे अडीच भारत त्या एका पानात दडपून बसवलेले होते. साओ पाउलोहून मानाउसला जाणे म्हणजे जवळजवळ कन्याकुमारीहून श्रीनगरला जाणे. विमानाला सुद्धा चार तास लागतात. आणि रात्रीच्या गाडीचे म्हणाल, तर त्या देशात लांब पल्ल्याच्या प्रवासी आगगाड्या जवळजवळ नाहीतच! बसगाड्या उत्तम आहेत, पण साओ पाउलोहून इग्वासूला बसने सोळा तास मोडतात. आमची गुडघेदुखी लक्षात घेता तो विचार उच्चारण्यातही अर्थ नव्हता.

"म्हणजे विमानाशिवाय गत्यंतर नाही," लेक म्हणाली, "आणि विमानाची एक उडी म्हणजे एक दिवस गेला असंच धरा. सामान भरा, विमानतळ गाठा, तिथं दोन तास बसा, उडा, उतरा, नवं हॉटेल शोधा. तुमच्या यादीत सात उड्या आहेत. सात दिवस तुम्ही ब्राझीलमधले फक्त विमानतळ पाहणार."

मी कागद पुन्हा ओढला. मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही. वाटेत कुठेतरी बदलावे लागते आणि तेरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापायचे असते. जातायेता मिळून चार दिवस त्यातच गेले. लेकीच्या घरी पाच दिवस, ते कमी करण्याची माझी छाती नव्हती. सोळातून नऊ वजा जाता उरले सात. एका जागी तीन रात्री तरी राहायचेच, नाहीतर पाहिले काय आणि न पाहिले काय, असा नियम आम्ही ठरवला. त्या हिशेबाने सात दिवसांत दोनच ठिकाणे बसत होती. अडीच भारतांएवढ्या देशातली फक्त दोन!

मग काटछाट सुरू झाली. पांतानाल पहिल्याच फेरीत गेले. ते पाचसहा दिवस मागते, शिवाय नोव्हेंबरात तिथे पावसाला तोंड लागते. ब्राझिलिया गेली; इमारतींवर माझा तेवढा जीव नाही. साल्व्हादोर काढताना हात जरा अडखळला, कारण तिथे रस्त्यावर चवळीच्या पिठाचे वडे पाम तेलात तळून देतात असे वाचले होते. आमेझॉनचा निकाल निसर्गानेच लावला. मानाउसजवळ काळ्या पाण्याची रिओ नेग्रो आणि गढूळ पाण्याची सोलिमोइश या दोन नद्या एकाच पात्रात सहा किलोमीटर शेजारून वाहतात आणि एकमेकींत मिसळत नाहीत. एकीचे पाणी गार, जड आणि वेगाचे, दुसरीचे कोमट आणि संथ. ते पाहायची मला फार हौस. पण त्या ऑक्टोबरात दुष्काळाने रिओ नेग्रोची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत कधी नव्हती इतकी खाली गेली. नावा वाळूत रुतलेली छायाचित्रे पाहिली आणि मुकाट्याने आमेझॉनवर रेघ मारली.

उरली रिओ आणि इग्वासू. या दोन्हींवर मी खूण केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. इग्वासूचे मला वेड होते म्हणा ना! बँकेत परकीय चलनाच्या खात्यात असताना माझ्या टेबलामागे वर्षभर एक कॅलेंडर होते. त्याच्या जुलै महिन्यावर इग्वासूचे चित्र. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर रुंदीच्या कड्यावरून पावणेतीनशे धबधबे एका वेळी कोसळतात. जुलै संपला तरी मी ते पान उलटले नाही. साहेबांनी एकदा विचारलेही, "तुमच्याकडे अजून जुलैच का?" ते पान अजून माझ्या कपाटात आहे.

त्याच रात्री जेवणे झाल्यावर ही म्हणाली, "अहो, तिथं काजूचं झाड कुठं पाहायला मिळेल?"

मी हसलो. आता लाज वाटते, पण खरेच हसलो. "अगं, तेरा हजार किलोमीटर जाऊन काजू पाहायचा? वेंगुर्ल्याची तू!"

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली. "अण्णा सांगायचे, काजू आपला नव्हे, ब्राझीलचा. फिरंग्यांनी आणला. त्याचं माहेर तिकडं आहे. मला त्याचं माहेर बघायचंय." एवढे बोलून ती भांडी आवरायला उठली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०० साली आपल्या कालिकतला यायला निघाला आणि २२ एप्रिलला त्याला वाटेत ब्राझीलचा किनारा दिसला. पुढे याच मार्गाने सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजू गोव्यात आणला. तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू'चा पोर्तुगीजांनी 'काजू' केला आणि आपण तो तसाच उचलला. अननसही तिकडचा. इतकेच काय, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोही मूळचा तिकडचाच. आपली एकादशी निम्मी ब्राझीलच्या जिवावर चालते, हे किती जणांना ठाऊक असेल?

पण मला झोप लागली नाही ती या माहितीमुळे नव्हे. वेंगुर्ल्याला अण्णांची दोन एकरांची काजूची बाग होती. जांभ्याच्या उतारावर साठेक झाडे. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात ओल्या काजूगरांची उसळ मी तिथेच पहिल्यांदा खाल्ली. १९९२ साली आम्ही डोंबिवलीला जागा घ्यायला निघालो, तेव्हा पैसे कमी पडले. अण्णा कापडी पिशवीत रक्कम घेऊन स्वतः आले. म्हणाले, "बाग काढली. झाडं म्हातारी झाली होती, धरत नव्हती." कागदपत्रांवाचून कोणाला शंभर रुपये कर्ज न देणारा मी, त्या दिवशी मी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. पैसे मोजून घेतले. परत करीन म्हणालो होतो. चार वर्षांनी अण्णा गेले. ते राहिलेच. तेव्हापासून ही वेंगुर्ल्याला गेली ती फक्त लग्नामुंजींना, आणि बागेच्या वाटेने कधीच नाही.

पुढच्या रविवारी मी लेकीला काजूबद्दल विचारले. तिने चौकशी केली. ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यात नाताल नावाचे शहर आहे. २५ डिसेंबर १५९९ रोजी वसवले म्हणून ते नाव. आपल्या नाताळ या शब्दाचा सख्खा भाऊ. त्याच्या दक्षिणेला पिरांजी गावात समुद्राजवळ एक काजूचे झाड आहे. जगातले सर्वांत मोठे म्हणून १९९४ साली त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. काजूचा हंगाम तिथे नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा झाड फळलेले असणार.

"पण बाबा," लेक म्हणाली, "नाताल एका टोकाला, इग्वासू दुसऱ्या टोकाला. रिओ ठेवलं तर दोन्ही जमणार नाहीत."

रिओ सोडावी असे मी सुचवून पाहिले. पण रिओहून नातालला थेट विमान होते; मधले रिओ काढले तरी लांबच्या लांब दोन टोके जोडायला दोन दिवस मोडत होते. नाताल एका दिवसात उरकावे, असेही मी सुचवले. ही म्हणाली, "राहू दे हो. तुमचा धबधबा बघू. काजू काय, गोव्यातही आहे." तिच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर मला सोपे गेले असते.

मी कपाटातून ते जुलैचे पान काढले, थोडा वेळ पाहिले, आणि यादीतल्या इग्वासूवर रेघ मारली. शेजारी लिहिले: नाताल, तीन रात्री. सकाळी हिने यादी पाहिली. काही बोलली नाही. फक्त चहात नेहमीपेक्षा जास्त आले होते.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. व्हिसा आधी काढावा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी; तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाण्याची पाळी येते. साठी उलटलेल्यांनी मात्र ही लस आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. माझ्या डॉक्टरांनी सगळे तपासून मगच होकार दिला. तारखा ठरवताना तिथे काय चालले आहे ते पाहावे. १८ आणि १९ नोव्हेंबरला रिओमध्ये जी-२० राष्ट्रांची परिषद होती, म्हणून आम्ही रिओ २० तारखेला ठेवली. आणि शेवटचा एक दिवस रिकामा ठेवावा. तो कुठे ना कुठे लागतोच.

तुळशीचे लग्न लावून १४ नोव्हेंबरला आम्ही निघालो. लेकीकडचे दिवस लेकीकडच्यासारखे गेले. तिची आई स्वयंपाकघराबाहेर पडली नाही आणि त्यातच दोघी खूश होत्या. रिओमध्ये साखरेच्या ढेपेसारखा एक डोंगर आहे. त्याचे पोर्तुगीज नाव वाचून मी चमकलो. त्यातला पहिला शब्द आपला पाव! साखरेचा पाव. १९१२ पासून त्यावर जायला तारेवरचा पाळणा आहे. कोर्कोवादो शिखरावरची ख्रिस्ताची १९३१ सालची मूर्ती पाहिली. पण हिला आवडले ते तिजुकाचे जंगल. कॉफीच्या मळ्यांसाठी तिथली झाडे तोडली, तसे शहराला पाणी देणारे झरे आटले. तेव्हा बादशहा दुसरा पेद्रो याच्या आज्ञेवरून १८६१ पासून तिथे हाताने पुन्हा झाडे लावली. आज भर शहरात ते घनदाट अरण्य आहे. त्यात जिकडेतिकडे फणस! तेही पोर्तुगीजांनीच आपल्या बाजूने तिकडे नेले, आणि आता ते इतके माजलेत की तिथल्या झाडांना जागा देत नाहीत. "आपला फणस तिकडं, तिकडचा काजू इकडं," ही म्हणाली, "साटंलोटंच झालं की!"

२४ तारखेला नातालला पोचलो. वाऱ्याचे, वाळूचे, उन्हाचे गाव. २६ ला आळंदीची एकादशी होती. मला काळजी, उपासाचे काय? पण सकाळी रस्त्याच्या कडेला एक बाई तव्यावर ओलसर पांढरे पीठ पसरून त्याचे घावन करत होत्या, आत ओले खोबरे. साबुदाण्याच्याच कंदाचे पीठ! त्याला तिथे तापिओका म्हणतात. हिने दोन खाल्ली आणि म्हणाली, "घरी सुद्धा इतकी सोपी एकादशी झाली नव्हती."

त्याच दिवशी आम्ही पिरांजीला गेलो. मी झाड शोधत होतो आणि आम्ही झाडातच उभे होतो. बुंधा दिसतच नाही. फांद्या आडव्या वाढत जातात, भाराने जमिनीला टेकतात, टेकल्या जागी मूळ धरतात आणि पुन्हा उठून पुढे चालू लागतात. १८८८ साली एका कोळ्याने ते लावले असे तिथले लोक सांगतात. आत फिरायला लाकडी वाट आहे आणि वर चढून पाहायला मचाण. मचाणावरून हिरव्या पसाऱ्यापलीकडे समुद्र दिसत होता.

"केवढं असेल हो?" हिने विचारले.

"साडेआठ हजार चौरस मीटर," मी वाचलेले सांगितले, आणि सवयीने मनात हिशेब केला. "दोन एकरांहून थोडं जास्त."

बोलून गेलो आणि दोघेही गप्प झालो.

खाली उतरल्यावर वाटेवर पडलेला एक पिवळा बोंडू तिने उचलला. बी खाली लोंबत होती. तिने वास घेतला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अण्णांनी खोटं सांगितलं होतं. झाडं म्हातारी झाली नव्हती. भर धरत होती."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

बत्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले.

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर पैसे घेता आले नसते. जागा हवी होती."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता ही रडेल, किंवा मला चार शब्द ऐकवील. दोन्हींचा मला हक्क होता. वाऱ्याने पाने वाजत होती. शाळेची मुले ओरडत मचाणावर चढत होती. मग तिने तो बोंडू माझ्या हातात दिला. "वास घ्या," ती म्हणाली, "तोच आहे." मी घेतला. तोच होता, गोडसर, थोडा उग्र, मे महिन्यातला. बाहेर टपरीवर आम्ही काजूच्या बोंडाचा थंडगार रस प्यालो. तिकडे हा रस घरोघरी पितात. आपण गर काढून घेतो आणि बोंडू बहुतेक टाकून देतो, याचे हिला वाईट वाटले. तिने रसाची कृती विचारून घेतली; ती पोर्तुगीजमधून, मी खुणांनी.

परत आल्यावर भेटेल तो विचारतो, "इग्वासू पाहिलात ना? नाही? अरेरे! आमेझॉन? तेही नाही? मग ब्राझीलला गेलात कशाला?" मी पूर्वी हेच विचारणाऱ्यांपैकी होतो, म्हणून रागावत नाही. इग्वासू राहिला, ही हळहळ आहेच. नाही म्हणून कशाला सांगू? जुलैचे पान अजून कपाटात आहे.

यंदा दिवाळीनंतरच्या सहलीचा आराखडा मात्र हिने केला आहे. कागदावर एकच नाव आहे आणि त्यापुढे तीन रात्री. डोंबिवलीहून ठाण्याला जायचे, तिथे कोकण रेल्वेची गाडी धरायची, कुडाळला उतरून वेंगुर्ला. बागेच्या नव्या मालकांना मी पत्र लिहिले होते. त्यांचे उत्तर आले आहे: जुनी दहाबारा झाडे अजून उभी आहेत, जरूर या, पण काजू हवे असतील तर मार्चनंतर या.

हिने उत्तर दोनदा वाचले. म्हणाली, "मार्चमध्येही जाऊ. पण आधी नुसती झाडं बघून येऊ."